पहिली खुर्ची

औरंगाबाद, ९ सप्टेंबर १९९७

अनू,

तुझं कार्ड मिळालं. पोचलीस हे कळलं. मी फोन करत नाही याचा राग मानू नकोस. फोनवर मला बोलता येत नाही. पूर्वी तुझी आई बोलायची आणि मी मागून 'जेवली का विचार' म्हणायचो, तेवढाच माझा वाटा. तू तिच्याशी बोलायचं सोडलंस तेव्हापासून आपल्याकडचा फोन गॅसवाल्यासाठीच आहे. म्हणून पत्र.

दहाव्याच्या आधीच तू बंगलोरला परत गेलीस. बँकेनं रजा वाढवून दिली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. तुला कोणी विचारलं तर तूही तेच सांग, म्हणजे दोघांचं जुळेल. मी रागावलेलो नाही. खरं सांगायचं तर मला काहीच झालेलं नाही. चहा करतो, पितो. गाळायचा राहिला तर तसाच पितो. खाली गणपतीचा मांडव पडलाय, कर्णा थेट आपल्या खिडकीत आहे. शेजारी येऊन म्हणाले, आवाज कमी करायला सांगू का? मी म्हणालो, कशाला?

दहावं कायगावला केलं. घाटावर पिंड ठेवला आणि कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. एक हलेल तर शपथ. गुरुजी घड्याळ बघायला लागले, कारण त्यांना पुढचं गिऱ्हाईक होतं. मग नेहमीचं सुरू झालं. तुझी आत्या म्हणाली, "यमुना, अनूचं लग्न थाटात करून देऊ." कावळे ढिम्म. तुझ्या लग्नात कावळ्यांनाही रस नाही. मी म्हणालो, माझी काळजी करू नकोस. त्यातही त्यांना रस नव्हता. मग आपल्या चौकडीतला बद्रीनाथ पुढं झाला, चपला काढून, हात जोडून. "वहिनी, डिसेंबरचा प्रोग्राम आम्ही कॅन्सल नाही करणार. तुमची कसम." आणि एक कावळा उतरला, मग दुसरा, मग झुंबडच.

कावळ्यांना भूक लागली असेल, दुसरं काय. पण रामकिसन तिथंच वाळूत बसला आणि हमसून हमसून रडला. माझं ओलं धोतर पायांना चिकटत होतं, तेवढं मला जाणवलं. सांगायचं कारण हे की आता कार्यक्रम करणं भाग आहे. कावळ्याला दिलेला शब्द आहे.

आप्पासाहेबांनी त्यांच्या म्युझिक सर्कलतर्फे शोकसभा घेतली. माईक हातात आला की ते सोडत नाहीत, तुला माहीत आहे. त्यांनी थेट पोलीस ॲक्शनपासून सुरुवात केली. निजामाचा बँड मोडला, त्यातले पिंटो मास्तर हैदराबाद सोडून आपल्या छावणीत येऊन राहिले, त्यांनी इथल्या कारकुनांच्या पोरांच्या हातात व्हायोलिन दिलं, त्यातली एक यमुना आणि एक मी. मग चौकडीचा इतिहास. पहिलं व्हायोलिन यमुनाबाई, दुसरं त्यांचे यजमान, व्हायोलावर त्यांचे विद्यार्थी बजाजनगरचे रामकिसन, चेलोवर औरंगपुऱ्याचे मोटार-रिवाइंडिंगवाले बद्रीनाथ. चार माणसं, सोळा तारा, ना तबला ना पेटी. अर्धा कार्यक्रम व्हिएन्नाच्या म्हाताऱ्या संगीतकारांचा, अर्धा बाईंनी स्वतः रचलेला. पाणचक्कीचं पाणी, खुलताबादच्या उरुसाचे नगारे, वाळूजच्या कारखान्यांची शिफ्ट सुटते तो गोंधळ. "गाव त्यांना चांडाळचौकडी म्हणायचं," आप्पासाहेब म्हणाले, "आणि तरी गाव ऐकायला यायचं."

दोन्ही खरं आहे. 'त्यांचे यजमान' म्हटल्यावर मागं कोणीतरी हसलं, तेही बरोबरच आहे. एकतीस वर्षं मी दुसरं व्हायोलिन वाजवलं आणि घरातही माझी जागा तीच होती. मला तिची कधी लाज वाटली नाही.

एक विचारायचं राहिलं. सहा वर्षांपूर्वी तू तुझं व्हायोलिन हॉलातच टाकून निघून गेलीस, ते आपल्या कपाटावर आहे. दर गुरुवारी आई ते खाली काढायची, तारा सुरात लावायची आणि परत ठेवायची. वाजवायची नाही. "नुसतं पडून राहिलं तर लाकूड विसरतं," म्हणायची. तुला सांगू नको असं तिनं मला बजावलं होतं. आता सांगितलं तर कोण विचारणार आहे? तर आता गुरुवार येतात आणि जातात. ते तसंच राहू द्यायचं का, एवढं कळव.

नाना


औरंगाबाद, २८ ऑक्टोबर १९९७

अनू,

व्हायोलिनबद्दल तू काही लिहिलं नाहीस. ते तसंच आहे.

परवा लक्ष्मीपूजन. आपल्याकडं यंदा काही नाही. रामकिसनच्या आईनं, भागूबाईनं, खुलताबादहून डबा भरून चकल्या पाठवल्या आणि वर निरोप, "दुखवट्याच्या घरात तळू नाय, पन खाऊ नाय आसं कोन म्हनलंय?" खाल्ल्या. बद्रीनाथ म्हणाला, लई तिखट आहेत. मला कळलं नाही.

तालमी सुरू केल्या आहेत. शुक्रवारी संध्याकाळी, रामकिसन शिफ्टवरून परस्पर येतो. चार खुर्च्या होत्या तशाच आहेत. पहिल्याच दिवशी बद्रीनाथ म्हणाला, "व्यंकटराव, पुण्याहून कोणाला बोलावून घेऊ या का?" मी म्हणालो, घेऊ या. तेव्हा मी कशालाही हो म्हणत होतो. रामकिसन व्हायोला पुसत होता, त्यानं वर बघितलं नाही. "आणा की. त्यो हितं वाजवंल, आन मी बजाजनगरला घरी बसंन." विषय संपला.

मग मी तुझ्या आईचे नवे तुकडे तिघांत वाटून लिहिले. पाणचक्की जमली, टपटप करायला तीन माणसं पुरतात. नगारे बद्रीनाथ एकटाच चेलोच्या पोटावर बोटांनी वाजवतो आणि वाजवताना तोंडानंही काहीतरी करतो, त्याला ते माहीत नाही. शिफ्ट सुटते तो तुकडा तर तिघांत जास्त खरा वाटतो, एक माणूस गैरहजर असल्यासारखा.

राहिलं बडे मियाँचं संथ, म्हणजे ती संथ लयीतली रचना. व्हिएन्नाच्या त्या म्हाताऱ्याला पिंटो मास्तर बडे मियाँ म्हणायचे, तुला आठवत असेल. त्यात पहिलं व्हायोलिन गातं आणि आम्ही बाकीचे खाली नुसत्या पायऱ्या घालतो, तिनं चढावं म्हणून. ते तिघांत वाटता येत नाही. सगळं तिचंच आहे. ते आम्ही तालीम संपताना वाजवतो, जसंच्या तसं, तिची जागा मोकळी सोडून.

तुला हसू येईल, पण ते मोकळं वाटत नाही. ती कुठं ओढून धरायची, कुठं घाई करायची, सगळं तिघांना पाठ आहे. वरच्या सुरावर ती रेंगाळायची तिथं आम्ही तिघंही थांबतो, न बघता, न ठरवता. एकदा बद्रीनाथ तिथून लवकर पुढं सरकला तर रामकिसन चिडला. "बाईचं व्हऊ द्या की!" बद्रीनाथनं कान पकडले.

सुरू कसे होतो, ते मात्र मला सांगता येणार नाही. चौकडीत समोर उभं राहून हातवारे करायला कोणी नसतं. पहिलं व्हायोलिन नाकानं श्वास घेतं, जरा मोठा, आणि त्या श्वासावर चौघं एकदम निघतात. आईचा श्वास तर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. आता खालून रिक्षांचा आवाज येत असतो, वर पंखा करकरत असतो, आणि कधीतरी आम्ही सुरू झालेलो असतो.

त्यानं मला बरं वाटतं का? तसंही नाही. पण शुक्रवारी चहा गाळून पितो.

नाना


औरंगाबाद, १५ डिसेंबर १९९७

अनू,

काल कार्यक्रम झाला. एक घोटाळा झाला. दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर येण्याआधी मीच लिहितो.

कार्यक्रमपत्रिका मीच लिहून दिली होती. शेवटी बडे मियाँचं संथ, असं माझ्याच अक्षरात. आप्पासाहेबांनी विचारलंसुद्धा, "व्यंकटराव, हे तर चौघांचं ना?" मी म्हणालो, "हो हो, छान बसलंय." बद्रीनाथनं मान हलवली. रामकिसननं हलवली. मला वेड लागलेलं नाही, अनू. आम्हाला ती ऐकू येत होती. लोकांना येणार नाही, हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

हॉल कॉलेजचाच, तुला माहीत असलेला. स्टेजवर त्यांनी चार खुर्च्या मांडल्या होत्या, चौकडी म्हटल्यावर. आम्ही एक उचलायला हवी होती. कोणी उचलली नाही. आमच्या घरातही चारच असतात.

आधीचं सगळं व्यवस्थित झालं. नगाऱ्यांना शिट्ट्या पडल्या. मग संथ. गज तारांवर टेकवले आणि थांबलो. मी तिच्या श्वासाची वाट बघत होतो, ते दोघंही. त्या हॉलात ना रिक्षांचा आवाज, ना थंडीमुळं पंखा. काही येईचना. लोक खोकले, खुर्च्या सारल्या, मग गप्प झाले. आम्ही गज टेकवून बसलेलो. शेवटी रामकिसनला सर्दी होती, त्यानं नाक ओढलं, आणि आम्ही तिघं सुरू झालो.

पुढं मधल्या भागात एक जागा आहे, पहिलं व्हायोलिन एकटं पडतं ती. तूही ती वाजवली आहेस. बाकीचे गज उचलून बसतात, ते वर जातं, वळतं, खाली येतं, आणि उंबऱ्यावर आम्ही त्याला परत भेटतो. काल त्या जागी आम्ही तिघांनी गज उचलले आणि बसलो. मी ऐकत होतो, छान चाललं होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक पोरगी स्वच्छ आवाजात म्हणाली, "मम्मी, बंद पडलं का?"

मला तेव्हा कळलं.

बद्रीनाथलाही तेव्हाच कळलं असणार, त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण मास्तरांची शिकवण, चुकलं तरी थांबायचं नाही. ती जिथं खाली उतरते तिथं आम्ही तिघंही परत आलो, एकाच वेळी, केसाचाही फरक नाही. हॉलात कोणीतरी "क्या बात है" म्हणालं. शेवटपर्यंत वाजवलं. आणि मग टाळ्या. लोक उभे राहिले, अनू. तिच्या हयातीत आमच्यासाठी कोणी उभं राहिलं नव्हतं. फार तर गाडी चुकू नये म्हणून उठायचे.

बाहेर आल्यावर बद्रीनाथ भिंतीला टेकून हसायला लागला, थांबेचना. "अपन ने क्या कर डाला यार, व्यंकटराव, क्या कर डाला!" त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसतच होता. रामकिसनला अजून काही उमगलं नव्हतं. "काय झालं वो? बाई तर झकास वाजल्या आज." त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा बद्रीनाथकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "लोकांला नाय आल्या व्हय ऐकू?"

 तो गाडीला किक मारून बजाजनगरला निघून गेला, व्हायोला बद्रीनाथच्या रिक्षात विसरून.

आजच्या पेपरात छापून आलंय. 'नि:शब्दतेचा धाडसी प्रयोग.' 'यमुनाबाईंना आगळी आदरांजली.' सुरुवातीच्या दीर्घ मौनावर चांगल्या चार ओळी आहेत. रामकिसनच्या सर्दीवर एकही नाही. कात्रण सोबत पाठवतो. मी दोनदा वाचलं. मला काही वाटलं नाही.

नाना


औरंगाबाद, ११ जानेवारी १९९८

अनू,

तुझं उत्तर नाही. कात्रण परत पाठवू नकोस, आप्पासाहेबांकडं गठ्ठा आहे.

मुंबईहून एक गृहस्थ आले होते. अंगात खूप खिशांचं जाकीट. त्यांच्या संस्थेच्या महोत्सवात आम्ही यावं, असं त्यांचं म्हणणं. पाणचक्की नको, नगारे नकोत. फक्त ते एक. खुर्ची मात्र हवीच, आणि तिच्यावर वरून एकच दिवा. जमलं तर तिचं व्हायोलिन खुर्चीवर ठेवता येईल का, असंही विचारलं. मी त्यांना चहा दिला. माणूस सज्जन होता. आमचं चुकलं होतं हे मी त्यांना तीनदा सांगून बघितलं, तर त्यांना तोही प्रयोगाचाच भाग वाटला.

ते गेल्यावर बद्रीनाथ म्हणाला, "मुंबई आहे, व्यंकटराव. वहिनींचं नाव होईल. इथं राहून कोणाचं काय झालंय?" त्याचंही खोटं नाही. आयुष्यभर त्यानं तो चेलो रिक्षात आडवा घालून गावभर फिरवला, स्वतः पाय बाहेर काढून बसला आणि लोकांची 'कोणाची मयत?' ऐकून घेतली. रामकिसन उठून उभाच राहिला. "बाईची खुर्ची मांडून तमाशा करायचा व्हय? माझ्याच्यानं नाय व्हनार." दोघं माझ्याकडं बघायला लागले. हे मला नवीन आहे. इतकी वर्षं सगळे तिच्याकडं बघायचे, मीसुद्धा. मी म्हणालो, आधी एकदा वाजवून तर बघू.

वाजवलं. ती आली नाही.

कसं सांगू तुला? खाली रिक्षा होत्या, सगळं नेहमीसारखं होतं. पायऱ्या आम्ही बरोबर घातल्या, पण वर कोणी चढेना. ती रेंगाळायची तिथं तिघंही थांबलो, आणि कशासाठी थांबलो तेच कळेना. त्या पोरीनं विचारल्यापासून ती जागा खरोखरच रिकामी झाली. बद्रीनाथनं गज खाली ठेवला. रामकिसन म्हणाला, "नाना, मला बी नाय."

मला भीती वाटली, अनू. ऑगस्टपासून पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ते हे. काविळीनं आठवड्यात ती गेली, मी रडलो नाही, लोकांना वाटलं व्यंकटराव धीराचे. कसला धीर! माझ्या लेखी ती गेलीच नव्हती, शुक्रवारी येत होती. आता गेली. मी स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्याला धरून मोठ्यानं रडलो. ते दोघं बाहेर खुर्च्यांवर बसून राहिले. मग रामकिसन आत आला, मला बाजूला सरकवून त्यानं चहा ठेवला आणि साखर म्हणून त्यात मीठ घातलं. आम्ही तिघं तो निमूट प्यायलो. खारट आहे हे मला कळलं.

मुंबईला नकार कळवला. बद्रीनाथ दोन दिवस फुरंगटला आणि मग स्वतःच येऊन म्हणाला, "जाऊ द्या, तिथल्या रिक्षात चेलो बसत नाही म्हणतात."

आता सरळ लिहितो. तू ये.

ही चौकडी तिघांची होत नाही. पुण्याच्या माणसाला रामकिसन बसू देणार नाही, आणि आता मीही देणार नाही. असंच चाललं तर पुढच्या ऑगस्टच्या आत ती मोडेल. निजामाचा बँड मोडला तेव्हा सरकार बदलल्याचं कारण तरी होतं. आमची नुसतीच मोडेल, एका शुक्रवारी कोणी येणार नाही आणि झालं. मग पाणचक्की, नगारे, तिनं डोक्यातून काढलेलं सगळं माझ्या कपाटात कागद होऊन पडेल. ते मला सहन होणार नाही. तुला तिचं सगळं येतं. इथं दुसऱ्या कोणाला येत नाही.

त्या दिवशी भरल्या हॉलात तिनं तुला मधेच थांबवून "आधी सूर लाव" म्हटलं, ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. कुकरच्या शिट्टीचा सूर चुकला तरी जी बाई कुकरवर चिडायची, तिच्यापुढं पोटची पोर कुठून सुटणार? पण त्यानंतर सहा वर्षं दर गुरुवारी तुझा सूर तीच लावत होती. हे मी तिच्या वतीनं माफी म्हणून सांगत नाही. ती मागायची असती तर तिनं मागितली असती, तिला तोंड होतं. घरात काय घडत होतं ते तुला माहीत असावं, म्हणून सांगतो.

नाना


औरंगाबाद, ५ फेब्रुवारी १९९८

अनू,

तुझं पत्र आलं. 'येते. पण आईच्या खुर्चीवर मी बसणार नाही. तिथं बसवायला बोलावत असाल तर तिकीट रद्द करते.' मी ते तसंच हातात घेऊन बद्रीनाथच्या दुकानात गेलो. त्यानं तांब्याची तार अर्धी गुंडाळलेली मोटार खाली ठेवली, दोनदा वाचलं आणि म्हणाला, "हुबेहूब वहिनी!" मग जरा वेळानं, "पण मग तिथं बसणार कोण?"

मीही तोच विचार करत घरी आलो. खुर्च्या तशाच होत्या. मी माझ्या खुर्चीवर बसलो. मग उठून शेजारच्या खुर्चीवर बसलो. तिचं बूड जरा खोलगट झालंय, बाकी खुर्चीसारखी खुर्ची आहे.

तर असं. पहिल्या खुर्चीवर मी बसतो. तू माझ्या खुर्चीवर बस, दुसऱ्या. जागा चांगली आहे, मी एकतीस वर्षांची हमी देतो. तिथून सगळं ऐकू येतं आणि तुझ्याकडं कोणी बघत नाही. तुला आत्ता तशीच जागा हवी असेल असं मला वाटतं. पुढं कधी तुला वाटलं तर अदलाबदल करू, नाही वाटलं तर नको.

बडे मियाँचं वरचं मला येतं, पण तिच्यासारखं येत नाही. गेल्या शुक्रवारी त्या दोघांसमोर वाजवून बघितलं. वळायच्या जागी बोट घसरलं, तरी थांबलो नाही. संपल्यावर बद्रीनाथ छताकडं बघत बसला. रामकिसननं व्हायोला मांडीवर आडवा ठेवला. मग म्हणाला, "बाईवाणी नाय." आणि मग, "पन हाय." आप्पासाहेबांच्या सगळ्या गठ्ठ्यात याच्या तोडीचं कात्रण नाही.

अडलो मी श्वासावर. सूर निघतात, श्वास निघेना. चारचौघांत इतका मोठ्यानं श्वास घ्यायची मला लाज वाटायची. कोणाच्या तरी मागून जायची सवय लागलेली, आता मी घेतला आणि कोणी आलंच नाही तर? बद्रीनाथ वैतागला. "व्यंकटराव, जोरसे! चोरी थोडीच करताय?" आठ-दहा वेळा फसलं. कधी रामकिसन आधीच निघायचा, कधी बद्रीनाथ निघायचाच नाही. मग एकदा घेतला आणि दोघंही बरोबर आले. अनू, मला इतकं बरं वाटलं की मीच पुढं वाजवायचं विसरलो. तिच्या श्वासासारखा तो स्वयंपाकघरापर्यंत जात नाही. पण तुझ्या खुर्चीपर्यंत येईल.

तुझी गाडी पुढच्या शुक्रवारी पहाटे पोचते. बद्रीनाथ स्टँडवर रिक्षा घेऊन येणार आहे. "चेलोची जागा पोरीला, मी मागून सायकलवर," म्हणतो. भागूबाईनं पुन्हा चकल्या पाठवल्या आहेत. त्या फार तिखट आहेत, जपून खा.

आज गुरुवार. तुझं व्हायोलिन मी कपाटावरून खाली काढलं, पेटी पुसली, उघडली. चारही तारा पार उतरल्या आहेत. लावायला म्हणून मी खुंटीला हात घातला आणि काढून घेतला. ते मी लावणार नाही, तू लाव. शुक्रवारी, तालमीत, आम्हा तिघांसमोर. कितीही वेळ लागू दे. आम्ही गज मांडीवर ठेवून थांबतो.

नाना